कोलारच्या आधीचे कोलार

१८०२ सालची गोष्ट. श्रीरंगपट्टणच्या लढाईत टिपू सुलतान पडून तीन वर्षे झाली होती. त्याच्या मुलखाची वाटणी होऊन म्हैसूर राज्याच्या नव्या सीमा आखल्या जात होत्या. पूर्वेकडच्या सीमेच्या मोजणीवर लेफ्टनंट जॉन वॉरन नावाचा अधिकारी होता. जन्माने फ्रेंच, चाकरी इंग्रजांची आणि पलटण ३३वी. पुढच्याच वर्षी असईच्या रणात शिंदे-भोसल्यांसमोर उभा राहिलेला आर्थर वेलस्ली याच पलटणीतला. वॉरनला मात्र लढाईपेक्षा मोजमापात अधिक रस होता. पुढे तो मद्रासच्या वेधशाळेत काम करू लागला आणि हिंदू पंचांगांच्या गणितावर त्याने ‘कालसंकलित’ हा ग्रंथ लिहिला. ऐकलेली गोष्ट स्वतः पडताळल्याशिवाय सोडायची नाही, हा त्याचा स्वभाव.

कोलारजवळ बुदिकोटे नावाचे गाव आहे. हैदर अलीचा जन्म तिथला. त्या परिसरात तंबू पडलेले असताना वॉरनच्या कानावर आले, की पूर्वेला काही मैलांवर एका टेकडीपाशी मातीत सोने सापडते. वाऱ्यावरची बातमी म्हणून ती सोडून देता आली असती. वॉरनने सोने दाखवील त्याला बक्षीस जाहीर केले आणि उरिगाव गावच्या बायका त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

त्यांच्या हातात होती एक छोटी केरसुणी, एक सूप आणि मधे कोरून खोलगट केलेली लाकडी फळी. सारी हत्यारे एवढीच. केरसुणीने त्यांनी ठरावीक जागची वरवरची मोकळी माती लोटून गोळा केली. कुठली माती लोटायची आणि कुठली सोडायची हे त्यांना कोणाला विचारावे लागले नाही. माती सुपात घेऊन खडे पाखडून काढले, उरलेली बारीक माती फळीवर घेतली आणि फळी पाण्यात धरून हलकेच हलवत राहिल्या. हलकी माती पाण्याबरोबर वाहून गेली, जड काळी वाळू खोलगटात राहिली आणि त्या काळ्या वाळूच्या कडेला सोन्याचे कण दिसू लागले. वॉरनने हिशेब मांडला. सुमारे ५५ किलो मातीमागे एक ग्रेन सोने. आपल्या सराफी मापात जेमतेम अर्धी गुंज.

मग तो मारिकुप्पमला गेला. तिथे गावकुसाबाहेरची माणसे जमिनीखाली उतरून दगड काढत होती. वॉरन स्वतः त्या विवरांत उतरला. तीस ते पंचेचाळीस फूट खोल, अरुंद आणि अंधारी. आत ठिकठिकाणी माणसे उभी असत आणि दगडाने भरलेल्या टोपल्या या हातातून त्या हातात देत वर पोचवत. वर आलेला दगड बायका मोठ्या खडकावर कुटून त्याचा भुगा करीत, भुगा विहिरीवर नेत आणि मातीसारखाच धुऊन काढत. खोदणे पुरुषांचे, कुटणे-धुणे बायकांचे. वॉरनने हे सगळे आपल्या अहवालात लिहून ठेवले आणि बुदिकोटेपासून रामसमुद्रमपर्यंत सोन्याची माती कुठे कुठे लागते याचा माग काढला.

कोलारच्या सोन्याचा इतिहास बहुतेक ठिकाणी या अहवालापासून सुरू केला जातो आणि वॉरनला शोधकर्त्याचा मान मिळतो. तो माणूस प्रामाणिक होता. जे पाहिले ते त्याने कोणाचे आहे हे न लपवता लिहिले. त्याचा अहवाल नीट वाचला तर त्याने सोने शोधल्याचे दिसत नाही. ज्यांना ते माहीत होते त्यांच्यापर्यंत तो पोचला. पुढच्या पाऊणशे वर्षांत कोलारमध्ये जे घडले, आणि जे घडता घडता राहिले, त्याचा उलगडा या फरकात आहे.

दगडाची जात

हे सोने तिथे आले कसे, ते आधी पाहू. बंगळूरच्या पूर्वेला दक्षिणोत्तर पसरलेला एक चिंचोळा पट्टा आहे. लांबी सुमारे ८० किलोमीटर, रुंदी अवघी काही किलोमीटर. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइट आणि नाइस, म्हणजे दख्खनच्या दक्षिणेचा नेहमीचा करडा-गुलाबी कातळ. मधल्या पट्ट्यात मात्र काळपट हिरवा, पापुद्रे सुटणारा शिस्ट. भूवैज्ञानिक याला ग्रीनस्टोन पट्टा म्हणतात.

सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वी हा हिरवा दगड समुद्राच्या तळाशी ओतलेला लाव्हा होता. पाण्यात थिजताना लाव्ह्याचे उशांसारखे गोल फुगे तयार होतात. कोलार भागातल्या काही दगडांत तो आकार अजून ओळखता येतो. पुढे ग्रॅनाइटच्या प्रचंड राशी वर सरकल्या आणि त्यांच्या मधे हा लाव्हा चेपला गेला, उभा झाला, तापला. मूळची खनिजे जाऊन हिरवी खनिजे आली. याच घुसळणीत खोलवरून गंधकयुक्त तप्त पाणी भेगांतून वर चढत होते आणि त्यात अत्यल्प सोने विरघळलेले होते. वर येताना दाब कमी झाला, आजूबाजूच्या लोहयुक्त दगडाशी रासायनिक क्रिया झाली आणि सोने पाण्याबाहेर पडून गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, शिरांमध्ये साचले. लक्षावधी वर्षे हे चालले असावे. कोलारची प्रसिद्ध चॅम्पियन शीर म्हणजे अशाच एका लांबलचक भेगेत भरलेली गार.

एक बारकावा इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे एका कंपनीचे नशीब त्यावर फिरले. शिरेतले सोने भाकरीतल्या मिठासारखे सगळीकडे सारखे नसते. मैलोन्मैल पसरलेल्या शिरेत काही ठिकाणी ते दाट साचते आणि हे दाट भाग तिरके होत जमिनीत खोल जातात. दोन दाट भागांच्या मधली गार दिसायला तशीच असते, पण तिच्यात हाती लागण्यासारखे काही नसते. शीर सापडली म्हणजे सोने सापडले असे होत नाही. शिरेवर नेमके कुठे उतरायचे, हा खरा प्रश्न असतो.

आगीने फोडलेला दगड

या प्रश्नाचे उत्तर दक्षिणेतल्या माणसांना फार पूर्वी मिळाले होते. रायचूर जिल्ह्यात हट्टी नावाचे गाव आहे. कृष्णा-तुंगभद्रेच्या दुआबातला हा मुलूख आपल्या इतिहासात विजयनगर आणि बहमनी यांच्या झगड्यासाठी ओळखला जातो, पुढे तो निजामाच्या राज्यात गेला. तिथेही हट्टीपासून मस्कीपर्यंत ग्रीनस्टोन पट्टा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हैदराबादच्या कंपनीचे इंजिनीअर तिथे जुनी भुयारे उपसू लागले, तेव्हा तळ लवकर लागेना. एक जुने काम सहाशे फुटांहून अधिक खोल गेलेले निघाले. त्यात आधाराला लावलेले लाकूड कोळशासारखे टिकून होते. पुढे त्याच्या किरणोत्सारी कार्बनवरून काळ काढला गेला. ते सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे होते.

दोन हजार वर्षांपूर्वी, पंप नाही, सुरुंग नाही, पोलादी ड्रिल नाही आणि सहाशे फूट. केंब्रिजचे पुरातत्त्वज्ञ रेमंड ऑलचिन यांनी १९६२ मध्ये भारतातल्या प्राचीन सोन्याच्या खाणकामावर सविस्तर लेख लिहिला. त्यात या कामाची रीत मांडली आहे. गारेच्या तोंडाशी लाकडे रचून आग पेटवायची, दगड तापू द्यायचा, मग त्यावर पाणी मारायचे. दगड तडकतो. तडकलेला भाग पाचर आणि हातोड्याने सोडवायचा, राख बाजूला काढायची आणि पुन्हा आग. धूर निघून जाईपर्यंत कोणी आत जाऊ शकत नसे. एका वेळेला वीतभर दगड सुटला तरी पुष्कळ. अशा वीत-वीत प्रगतीने ती माणसे सहाशे फूट खाली गेली.

हट्टीच्या आणि वंदल्लीच्या परिसरात उघड्या कातळावर वाटीसारखे खळगे आहेत. गार कुटण्यासाठी ते वापरले जात. त्यांच्या आसपास कठीण दगडाचे वरवंटे सापडतात. काही ठिकाणी मोठा धोंडा डावी-उजवीकडे डोलवून त्याच्याखाली गार चिरडली जात असे, आणि त्या धोंड्याखालचा कातळ घासून घासून गुळगुळीत झालेला आहे.

कोलारमधली जुनी कामेही काही कमी नव्हती. तिथल्या भुयारांतल्या लाकडांचे काळ इसवी सनाच्या पाचव्या ते नवव्या शतकांदरम्यान येतात. दोनशे फुटांहून खोल गेलेली कामे तिथेही निघाली.

या माणसांना शिरेवरचा दाट भाग कसा कळला? आजचा भूवैज्ञानिक प्राथमिक शोधात जी पायरी-पायरीची पद्धत वापरतो, तिचे मूळ रूप त्यांच्या हातात होते. आधी ओढ्यातली वाळू धुवायची. कण दिसले तर ओढ्याने वर वर जात राहायचे. ज्या वळणाच्या वर कण मिळेनासे होतात, तिथे ओढा सोडून काठावर चढायचे आणि उताराची माती धुवायची. माती सोन्याची लागली की वर गार शोधायची. गार तांबूस, गंजलेली, भोके पडलेली असेल तर कुटून पाहायची. लोह आणि गंधकाची खनिजे कुजून गेली की गारेला असा रंग येतो आणि त्यांच्यात अडकलेले सोने मोकळे होते. आज याच क्रमाला ओढ्यांच्या गाळाचे नमुने, मातीचे नमुने, चर, आणि शेवटी ड्रिलिंग अशी नावे आहेत. प्रयोगशाळा एक टन दगडातले ग्रॅमभर सोनेही मोजू शकते. पण वाट तीच आहे, आणि ती पायी चालून घालून दिली गेली आहे.

धारवाडचे जलगार

ही वाट लिखित विज्ञानात आणण्याचे श्रेय रॉबर्ट ब्रूस फूट यांना दिले पाहिजे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले हे अधिकारी. १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला त्यांना अश्मयुगीन हातकुऱ्हाड सापडली आणि भारताच्या प्रागैतिहासिक संशोधनाला सुरुवात झाली. जमिनीकडे बघत चालायची त्यांची सवय सोन्याच्याही कामी आली.

१८७४ मध्ये त्यांनी धारवाड जिल्ह्यातल्या डंबळच्या डोंगरांवर लेख प्रसिद्ध केला. तेव्हा धारवाड मुंबई इलाख्यात होते. गदगजवळची ही डोंगररांग कप्पतगुड्ड म्हणून ओळखली जाते आणि तिच्या दक्षिणेचा शिरहट्टीचा महाल सांगलीच्या पटवर्धनांच्या संस्थानात होता. तिथल्या एका खाणीला पुढे सांगली खाण असेच नाव पडले. या डोंगरांतून निघणाऱ्या ओढ्यांमध्ये जलगार जातीची माणसे सोने धुवत. फूट यांनी त्यांना सोबत घेतले आणि एकेका ओढ्याची वाळू त्यांच्याकडून धुवून घेतली.

जलगारांची रीत उरिगावच्या बायकांपेक्षा थोडी पुढची होती. मोठा पाऊस होऊन ओढा ओसरला, की खडकांच्या फटींत आणि वळणांच्या आतल्या कडेला नवी जड वाळू येऊन बसते. ती ते गोळा करीत. लाकडी पेटी थोडी उतरती ठेवून तिच्यात वाळू टाकत. एक जण वरून पाणी सोडी, दुसरा वाळू ढवळत राही. मोठे दगड हाताने वेचून टाकत. शेवटी पेटीच्या तळाशी उरलेली काळी वाळू खोलगट लाकडी पात्रात घेऊन सावकाश फिरवत. सोरटूरच्या ओढ्यात इतरांपेक्षा अधिक सोने मिळते, हे जलगारांना ठाऊक होते. फूट यांच्या धुण्यांतून तेच निघाले. मग त्या ओढ्याच्या उगमाकडे कुठला दगड आहे, हे त्यांनी पाहिले. दगड तोच, हिरवा शिस्ट.

आपल्याकडे विदर्भात वैनगंगेच्या खोऱ्यात सोनझारी समाजाने हेच काम पिढ्यान्‌पिढ्या केले. सराफ कट्ट्यावरची धूळ आणि राख धुऊन सोने काढणारे झारेकरी त्याच कौशल्यावर जगत आले. या ज्ञानाला कधी प्रतिष्ठा मिळाली नाही, कारण ते करणारी माणसे गावाच्या कडेला राहत आणि दिवसाची कमाई दिवसाला खात. फूट यांचे मोठेपण असे, की त्यांनी जलगारांच्या हाताला पुरावा मानले.

लव्हेलची बैलगाडी

कोलारमध्ये मात्र मधल्या काळात शुकशुकाट होता. वॉरननंतर अधूनमधून कोणी येई, पाहून जाई. हाताने खणलेली भुयारे कोसळून माणसे दगावू लागली तेव्हा १८५९ मध्ये जमिनीखालच्या कामावर सरकारने बंदी घातली. गावकऱ्यांचा हा उद्योग, जो शतकानुशतके कमी-अधिक चालत आला होता, तो अशा रीतीने थांबला.

मग मायकेल फिट्झजेराल्ड लव्हेल आला. आयरिश सैनिक, न्यूझीलंडमध्ये माओरींविरुद्धच्या युद्धावरून परतलेला आणि बंगळूरच्या छावणीत निवृत्त होऊन राहिलेला. न्यूझीलंडमध्ये त्या काळात सोन्याची मोठी लाट होती. सोन्याचा नाद त्याला तिथे लागला. १८७१ मध्ये वॉरनचा जुना अहवाल त्याच्या वाचनात आला आणि तो बैलगाडी करून निघाला. बंगळूरहून कोलारचा तो भाग शंभरएक किलोमीटर.

लव्हेलने दोन वर्षे तो मुलूख पायाखाली घातला. जुने खड्डे, गारेच्या शिरा, जिथे जिथे पूर्वी माती धुतली गेली त्या जागा. १८७३ मध्ये त्याने म्हैसूर सरकारकडे अर्ज केला. त्या अर्जातला त्याचा युक्तिवाद साधा होता. यश आले तर सरकारला मोठा लाभ आणि अपयश आले तर सरकारचे काहीच जात नाही, कारण मला खोदण्याच्या हक्काखेरीज काही नको. म्हैसूर तेव्हा इंग्रज कमिशनरच्या कारभाराखाली होते. १८७५ मध्ये त्याला वीस वर्षांचा परवाना मिळाला आणि त्याने उरिगावजवळ विहीर खोदायला घेतली. ज्या गावच्या बायका केरसुण्या घेऊन वॉरनपुढे आल्या होत्या, तेच हे गाव.

पण कातळात उतरायला पैसा लागतो. गारेत सोने आहे हे माहीत असणे आणि ते शेकडो फुटांखालून फायद्यात काढणे, यांमधले अंतर भांडवलाने भरावे लागते आणि लव्हेल निवृत्तिवेतनावर जगणारा शिपाईगडी होता. थोड्याच काळात त्याने आपला हक्क बंगळूरच्या लष्करी अधिकाऱ्यांच्या एका मंडळाकडे दिला. मेजर जनरल बेरेसफोर्ड हे त्यातले मुख्य. याच काळात १८७६ ते १८७८ चा दुष्काळ पडला आणि म्हैसूरने लाखो माणसे गमावली. कोलारची जमीन ज्यांना ठाऊक होती, त्या गावांवरही तो दुष्काळ गेला.

वायनाडची लाट

१८७९ मध्ये भारत सरकारने ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाहून रॉबर्ट ब्रो स्मिथ यांना वायनाडची पाहणी करण्यासाठी बोलावले. मलबारच्या त्या डोंगरांत कॉफीचे मळे होते आणि गारेच्या शिराही होत्या. त्यांचा अहवाल अतिशय आशादायी निघाला. लंडनच्या बाजारात आग लागल्यासारखे झाले. १८८० आणि १८८१ मध्ये दक्षिण भारतातल्या सोन्यासाठी चाळीसच्या आसपास कंपन्या निघाल्या, त्यांचे एकूण भांडवल सुमारे ५० लाख पौंड. मळेवाल्यांनी कॉफीच्या जमिनी सोन्याच्या भावाने विकल्या. देवाला आणि पंडलूर या डोंगरी वस्त्यांत बंगले उठले, यंत्रे बैलगाड्यांतून घाट चढू लागली.

दोन वर्षांत सगळे बसले. वायनाडच्या गारेत सोने होते, पण यंत्रांचा खर्च निघेल इतके नव्हते. कंपन्यांनी आधी दगड दळण्याचे कारखाने मागवले आणि मग दळायला काय आहे ते पाहिले. शोधाची पायरी वगळून थेट उत्पादनाकडे उडी मारण्याची ही चूक होती आणि तिची किंमत लंडनच्या हजारो लहान भागधारकांनी मोजली.

कोलारमध्येही त्याच लाटेत कंपन्या निघाल्या होत्या. १८८० मध्ये स्थापन झालेली म्हैसूर कंपनी त्यातली एक. तिचे काम लंडनच्या जॉन टेलर अँड सन्स या खाण-अभियंत्यांच्या पेढीकडे आले. विहिरी खोदल्या गेल्या, गार लागली, पण सोने लागेना. त्या विहिरी शिरेच्या रित्या भागांवर पडत होत्या. १८८३ च्या सुमारास कंपनीच्या शिलकीत अवघे १३,००० पौंडांच्या आसपास उरले. शेअर कवडीमोल झाले. उरलेला पैसा वाचवून दुकान बंद करावे, असा भागधारकांचा सूर होता. जॉन टेलर यांनी त्यांना एक शेवटचा प्रयत्न करायला राजी केले आणि कॅप्टन प्लमर यांना कोलारला पाठवले. कॅप्टन ही इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खाणींतली मुकादमाच्या वरची पदवी.

प्लमरने नवी जागा शोधली नाही. बाभळी माजलेले, गाळाने आणि पाण्याने भरलेले जुने खड्डे त्याने पाहिले आणि त्यांच्या खाली उतरायचे ठरवले. त्याच्या आधीच्यांनी हे खड्डे अडचण मानले होते. वरचे सोने जुन्या लोकांनी काढून नेले, आता तिथे काय उरणार, असा सरधोपट समज होता. प्लमरने उलटा विचार केला. ज्या माणसांनी केवळ आग, पाणी आणि हातोडा यांच्या बळावर एवढे खोल काम केले, त्यांनी ते रित्या गारेत केले नसणार. ते थांबले असतील तर भूजलाची पातळी आल्यावर, पाणी उपसणे हाताबाहेर गेल्यावर, हवा खेळेनाशी झाल्यावर. सोने संपले म्हणून थांबले असतील असे मानायला कारण नव्हते.

पाणी उपसत, जुना भराव काढत काम खाली गेले आणि १८८५ मध्ये जुन्या कामांच्या तळाखाली चॅम्पियन शीर लागली. सोन्याने भरलेली.

पुढचे सर्वांना माहीत आहे. म्हैसूर, चॅम्पियन रीफ, उरिगाव आणि नंदिदुर्ग या चार मोठ्या खाणी उभ्या राहिल्या. १९०२ मध्ये शिवनसमुद्रच्या धबधब्यावरची वीज सुमारे १४७ किलोमीटरवरून तिथे आली. खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या. २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद होईपर्यंत तिथून सुमारे ८०० टन सोने निघाले. त्या खोलीतल्या तापत्या काळोखात राबलेले कामगार प्रामुख्याने तमिळ मुलखातून आलेले दलित होते. वॉरनने मारिकुप्पमला ज्यांच्या हातांत टोपल्या पाहिल्या, त्यांच्याच सामाजिक पायरीवरचे.

शिस्टचा नकाशा आणि मस्कीचा शिलालेख

कोलारला यश आले तेव्हा फूट यांच्या मनात एक मोठे चित्र जुळत आले होते. १८८२ मध्ये त्यांनी म्हैसूरच्या सोन्याच्या भागांतून प्रवास करून टिपणे प्रसिद्ध केली होती. डंबळ, कोलार आणि इतर ठिकाणचा हिरवा शिस्ट हा एकाच प्राचीन खडकसमूहाचा आहे, नाइसच्या विस्तारात त्याच्या लांबट पट्ट्या अडकून राहिल्या आहेत आणि दक्षिण भारताचे सोने प्रामुख्याने याच पट्ट्यांत आहे, हे त्यांनी मांडले. या समूहाला त्यांनी धारवाड हे नाव दिले. त्यामुळे सोने कुठे पाहावे आणि कुठे पाहू नये, याला प्रथमच शास्त्रीय चौकट मिळाली. १८९४ मध्ये म्हैसूर संस्थानाने स्वतःचे भूवैज्ञानिक खाते काढले तेव्हा त्याचे प्रमुखपद फूट यांच्याकडेच आले.

हट्टीच्या पट्ट्यातला शोध त्यानंतर जोमाने सुरू झाला. त्याच शोधमोहिमेने भारताच्या इतिहासाला एक अनपेक्षित देणगी दिली. १९१५ च्या जानेवारीत सी. बीडन नावाचा खाण-अभियंता निजामाच्या मुलखात मस्कीजवळ सोने धुंडाळत फिरत असताना त्याला कातळावर कोरलेली अक्षरे दिसली. तो अशोकाचा शिलालेख होता. तोवर सापडलेल्या लेखांत राजा स्वतःला देवानांपिय म्हणवी. मस्कीच्या लेखात त्या बिरुदाशेजारी असोक हे नाव स्पष्ट कोरलेले होते. बौद्ध ग्रंथांतला अशोक आणि शिलालेखांतला देवानांपिय ही एकच व्यक्ती आहे, या निष्कर्षावर कातळानेच शिक्कामोर्तब केले. एच. कृष्णशास्त्री यांनी त्याच वर्षी हा लेख प्रसिद्ध केला.

अशोकाचा लेख सोन्याच्या पट्ट्यात सापडावा हा योगायोग मानायला मन धजत नाही. कर्नूल जिल्ह्यातला एर्रगुडीचा लेखही जोन्नगिरीच्या सोन्याच्या पट्ट्यापासून लांब नाही. ब्रह्मगिरीच्या लेखात दक्षिणेतल्या मौर्य राजपुत्राचे ठाणे सुवर्णगिरी असल्याचे लिहिले आहे. मौर्यांना या मुलखातले सोने ठाऊक होते, असे अनेक अभ्यासक मानतात. निजामाच्या राज्यातले खाण-अधिकारी लेनर्ड मन यांनी पुढे हैदराबादच्या जुन्या खाणी आणि महापाषाण दफने यांचे निरीक्षण एकत्र मांडले. खाण-अभियंता आणि पुरातत्त्वज्ञ या दोघांची वाट एकाच खड्ड्यापाशी येऊन मिळत होती.

आता करायचे काम

आज देशातली सोन्याची मुख्य चालू खाण हट्टीचीच आहे. जोन्नगिरीला अलीकडे खासगी क्षेत्रातली खाण आकाराला आली आहे. आपल्याकडे नागपूर-भंडारा भागातल्या साकोलीच्या प्राचीन खडकांत, परसोडी आणि कोलारीच्या परिसरात, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सोन्याचा शोध घेतला आहे. जुन्या पट्ट्यांत नव्याने परवाने दिले जात आहेत. अशा प्रत्येक शोधात भूवैज्ञानिक पहिल्या नकाशावर एक खूण आवर्जून करतो. ती असते जुन्या कामांची. ते खड्डे आजही सोन्याचा सर्वांत भरवशाचा पुरावा मानले जातात.

आणि याच कारणाने ते धोक्यात आहेत. पूर्वीच्या कंपन्या विहीर खोदून खाली जात, जुना खड्डा बाजूला तसाच राहू शके. आताच्या उघड्या खाणी जमीन वरूनच सोलत जातात आणि त्यांची सुरुवात होते नेमकी तिथे, जिथे जुनी भुयारे, कुटण्याचे खळगे आणि धुण्याच्या जागा आहेत. हट्टीच्या लाकडाचा काळ मोजला गेला म्हणून आपल्याला ती दोन हजार वर्षे कळली. जे लाकूड न मोजता मलब्यात जाईल, त्याच्याबरोबर एका अख्ख्या कारागीर समाजाचा इतिहासही जाईल, कारण या माणसांनी दुसरा कुठलाही दस्तऐवज मागे ठेवलेला नाही. त्यांची नावे ताम्रपटांत नाहीत आणि वॉरनच्या अहवालातही नाहीत.

म्हणून परवान्याच्या अटींत एक साधी अट हवी. ज्या क्षेत्रात जुनी कामे आहेत, तिथे पहिला सुरुंग उडण्यापूर्वी त्यांचे मोजमाप व्हावे, छायाचित्रे घेतली जावीत, लाकूड-कोळशाचे नमुने जपावेत आणि एक तरी जागा अखंड राखावी. शोधमोहिमेचा एकूण खर्च पाहता याला लागणारा पैसा नगण्य आहे. आणि दक्षिणेतल्या सोन्याचा इतिहास पुन्हा लिहिला जाईल तेव्हा शोधकर्त्यांच्या यादीत वॉरन, लव्हेल आणि प्लमर यांच्या आधी उरिगावच्या त्या बायका, मारिकुप्पमचे खणणारे आणि डंबळचे जलगार यांचा उल्लेख यायला हवा. प्लमरच्या यशाचा पाया त्यांच्या खड्ड्यांत होता आणि ८०० टनांच्या हिशेबात त्यांची नोंद अजून झालेली नाही.